फुकट मिळालेल्याचे मोल

वाचकहो, संगणकाच्या क्षेत्रातील एक साधा व्यवहार आपल्यापुढे ठेवीत आहे. एखादा दुकानदार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुणाकडून वेबसाइट करून घेतो. तो तरुण वर्डप्रेस ही प्रणाली घेतो, तिच्यावर विनामूल्य मिळणारी थीम चढवतो, दोन-चार प्लगइन जोडतो, रंग व मांडणी गरजेप्रमाणे बदलतो आणि बिल देतो. ज्यातील बहुतेक भाग त्याला फुकट मिळाला, त्याचे पैसे घेणे न्याय्य आहे काय?

घाईने 'नाही' म्हणू नये. वर्डप्रेस हेच मुळी मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी २००३ साली मिशेल वाल्ड्रिगी यांच्या 'बी२' या कामावर उभे केले. ज्या जीपीएल परवान्याखाली ते वाटले जाते, तो मोबदला घेण्यास मनाई करीत नाही. विहीर गावाची असली तरी पाणी घरपोच आणणाऱ्याला कष्टाचे दाम मिळतेच. गिऱ्हाईक मोल देते ते निवडीचे, जोडणीचे आणि जबाबदारीचे.

मग दोष शिरतो कोठे? प्रथम मौनात. 'हे सारे यानेच लिहिले' असा समज होऊ देणे म्हणजे न बोलता सांगितलेले असत्यच होय. बदललेली फाइल पुढे देताना बदलाची व तारखेची नोंद करावी, असे तो परवानाही सांगतो.

दुसरा दोष न दिसणाऱ्या जागी असतो. थीमच्या मूळ फाइलीतच फेरफार केला तर तासभर वाचतो. पण नवी आवृत्ती येताच तो पुसला जातो. म्हणून काही जण सुधारणा घेणेच बंद करतात आणि सुरक्षेतील भगदाडे उघडी राहतात. सरळ मार्ग ठाऊक आहे: आपले बदल 'चाइल्ड थीम'च्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, प्लगइनमध्ये मूळ लेखकाने ठेवलेल्या 'हुक'चाच आधार घ्यावा.

आपण म्हणाल, गिऱ्हाईक तर स्वस्त मागते. त्या जादा तासाचे पैसे कोण देणार? तो तास बिलात उघडपणे लिहावा आणि कारण समजावून सांगावे. नको म्हणण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. परंतु त्याला न कळवता त्याच्या वतीने धोका पत्करण्याचा हक्क कारागिराला नाही. मोडलेले काम पुन्हा आपल्याकडेच येईल, हा हिशेब मनात शिरला की दुसऱ्याचे अज्ञान हेच उत्पन्नाचे साधन बनते.

वाचकहो, आपला व्यवसाय कोणताही असो, भिंतीआड तारा ओढण्याचा वा कपड्याला अस्तर लावण्याचा, कसोटी हीच आहे: उद्या दुसऱ्या कारागिराने आपले काम उघडून पाहिले, तर मालकासमोर त्याला काय सांगावे लागेल?