बैडालव्रत

‘बैडालव्रत’ हा शब्द आपल्या धर्मग्रंथांत निंदेचा आहे. वरून तपश्चर्या आणि आतून उंदरांवर डोळा, असा जो दांभिक तो बैडालव्रतिक. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाने उलूकाकरवी युधिष्ठिरास धाडलेल्या निरोपात अशा तपस्वी मांजराची कथा आहे. महाबलिपुरम येथील सातव्या शतकातील शिल्पपटात तर ते हात उंचावून उभे आहे आणि भोवती उंदीर जमले आहेत. मांजराने उपवास केला की ते ढोंग, हा आपल्या पूर्वजांचा निर्वाळा. आम्हांसही तो मान्य होता. आमच्या मनीने खरोखरच अन्न सोडीपर्यंत.

रायपूरच्या जुन्या वस्तीतील ब्राह्मणपाऱ्यात आमचे बिऱ्हाड आहे. गेल्या मार्गशीर्षात एका लग्नासाठी आम्ही आठ दिवस नागपूरला गेलो आणि मनीला शेजारच्या काकींच्या स्वाधीन केले. परतलो तेव्हा काकी म्हणाल्या, बिलईने चार दिवस दुधाला तोंड लावलेले नाही. तिने तुमच्यासाठी व्रत धरले आहे. हे ऐकून आम्हांस वाईट वाटले असे लिहिणे सभ्यपणाचे होईल. खरे सांगायचे तर आम्हांस सुख वाटले. ज्याच्या रजेने कचेरीतील एका फायलीचीही गती बदलत नाही, अशा कारकुनासाठी कोणी अन्न वर्ज्य करावे! परप्रांती बदलीवर राहणाऱ्या वाचकांना हे सुख समजेल. आईने तर ही हकीकत चार घरी कौतुकाने सांगितली. त्या कौतुकात आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मनीच्या कानांची आतली कातडी हळदीसारखी पिवळी दिसली.

पशुवैद्यांनी जे सांगितले ते असे. अन्न थांबले की शरीरातील साठलेली चरबी यकृताकडे धाव घेते. माणसाचे यकृत काही दिवस हा भार निभावून नेते. मांजराचे यकृत त्याच चरबीने भरून जाते. मांजर लठ्ठ असेल तर हे अधिकच लवकर घडते, आणि आमची मनी तूपभातावर चांगली लठ्ठ झाली होती. मग कावीळ होते, मळमळीने अन्नावरची वासना उरलीसुरली तीही जाते आणि उपवासातून उपवास वाढतो. पित्तमार्गाचा दाहही कधी याच्या मुळाशी असतो. यावर मुख्य औषध एकच, अन्न. आणि तेही मांसाचे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर स्वतः पुरेसे घडवू शकत नाही, त्यावाचून त्याच्या पित्ताचे काम चालत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. म्हणजे आमच्या सात्त्विक घरातील मांजरी इतकी वर्षे जगली ती आमच्या दूधभाताने नव्हे, तर परसातील तिच्या चोरट्या शिकारीने!

जे आपल्याला पुण्य तेच दुसऱ्या जीवाला व्याधी असू शकते, हे कळण्यास आम्हांस एवढे दिवस का लागावे? आम्ही निर्दय नव्हतो. उलट आमचे प्रेमच आडवे आले. तिच्या न खाण्यात आम्ही निष्ठा वाचली, कारण ती वाचणे आम्हांस गोड होते. पुराणकारांनी मांजरावर दंभ लादला, आम्ही भक्ती लादली. मांजराकडे त्यांनी पाहिले नाही, आम्हीही नाही.

पुढचा प्रश्न याहून अवघड होता. मानेतून अन्ननलिकेत नळी घालून दिवसातून पाच वेळा तिला पातळ केलेले मांसान्न द्यावयाचे होते. ती धडपडे, डोळे मिटून घेई. काकी म्हणाल्या, कशाला त्या जीवाला छळता, सुखाने जाऊ द्या. हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराचा गांधीजींनी डॉक्टरकडून अंत करविला. त्यावर मोठे वादळ उठले आणि तीच अहिंसा, असे त्यांनी निक्षून सांगितले. परंतु त्या वासरावर उपाय उरला नव्हता. मनीवर होता, फक्त तो आमच्या सोवळ्याला आणि झोपेला महाग पडणारा होता. अशा वेळी ‘सुखाने जाऊ द्या’ या शब्दांत सुख कोणाचे, हे ज्याचे त्याने पाहावे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळणाऱ्याने जनावराच्या स्वास्थ्यासाठी वाजवी ती सर्व तजवीज करणे हे कर्तव्य म्हटले आहे. कायद्याची भाषा रुक्ष खरी, पण तिच्यात दयेचा तोरा नाही. आम्हांस ती या ठिकाणी अधिक प्रामाणिक वाटली.

घरात आजवर अंडेही आलेले नव्हते. प्रथम मांसान्नाचा डबा आम्ही रुमालात गुंडाळून, दिवेलागणीनंतर आणला आणि अंगणातच ठेवला. आई पाहत राहिली, बोलली नाही. आम्ही कचेरीत गेल्यावर दुपारच्या दोन खेपा कोण देणार, हा प्रश्न मात्र होता.

एकादशीला आम्ही अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आलो. आई निराहार होती. मनीला मांडीवर घट्ट धरून ती नळीतून हळूहळू तो रस सोडीत होती आणि तोंडाने नामस्मरण चालले होते. सहाव्या आठवड्यात मनी आपण होऊन खाऊ लागली. आई त्या सहाही आठवड्यांत प्रत्येक खेपेनंतर स्नान करी; भर पौषातसुद्धा. त्याविषयी आम्ही तिला कधी काही विचारले नाही.