पुन्हा पडलेल्याची मोजदाद

सात रस्त्याहून चिंचपोकळीकडे जाताना साने गुरुजी मार्गावर मुंबई मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत लागते. रस्त्याचे जुने नाव आर्थर रोड, आणि तुरुंगालाही लोक त्याच नावाने ओळखतात. मदनपुरा, भायखळा, लालबाग, परळ येथील कित्येक मातांनी या भिंतीबाहेर मुलाकातीच्या रांगेत दिवस काढले आहेत. मुलगा सुटून येतो तो दिवस घरात ईदसारखा असतो. परंतु त्याच संध्याकाळी जिन्यावर कोणीतरी हळूच बोलते, "आज आला आहे, उद्या परत जाईल."

वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपणही कधी ना कधी उच्चारले असेल. ते कितपत खरे आहे आणि ते उच्चारण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे, याचा आज विचार करू या.

प्रथम मोजदादीकडे पाहू. समजा, दहा माणसे तुरुंगात गेली. त्यांपैकी आठ जण सुटल्यावर पुन्हा कधीही आले नाहीत. उरलेले दोघे पाच वर्षांत चार-चार वेळा आले. एकूण प्रवेश झाले सोळा, आणि त्यांपैकी आठ या दोघांचेच! दारावरचा शिपाई शपथेवर सांगेल की येणाऱ्यांपैकी निम्मे सराईतच असतात. तो खोटे बोलत नाही. तरीही दहापैकी आठ माणसे सुधारली हे सत्य त्याला दिसलेले नाही, कारण जो परत येत नाही तो त्याच्या दारातून पुन्हा जातच नाही. मोहल्ल्याची नजरही अशीच असते. परतलेला लक्षात राहतो. निमूटपणे टेम्पो चालवणारा, मुलांना शाळेत सोडणारा विसरला जातो.

म्हणूनच खरी मोजणी करायची तर एका वर्षी सुटलेल्या सर्वांचा पुढे काही वर्षे मागोवा घ्यावा लागतो. अमेरिकेत 2005 साली 30 राज्यांतील तुरुंगांतून सुटलेल्यांचा असा मागोवा घेण्यात आला. तीन वर्षांत सुमारे 68 टक्के लोकांना पुन्हा अटक झाली, तर नऊ वर्षांत 83 टक्क्यांना. नॉर्वेचा आकडा 20 टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. परंतु तेथे दोन वर्षांच्या आत पुन्हा दोषी ठरलेले मोजले जातात. अटक होणे आणि दोषी ठरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. 2022 च्या अखेरीस भारतातील कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा खटला अद्याप निकाली निघालेला नव्हता. अशा माणसाला दुसऱ्यांदा पकडले, तर ते त्याच्या दुसऱ्या गुन्ह्याचे माप, की जुनी यादी घेऊन त्याच्याच दारावर पडलेल्या थापेचे? उलट, जो गुन्हा करतो पण सापडत नाही, तो कोणत्याच रकान्यात येत नाही.

मोजणारा चुकला की शिक्का मारणाराही चुकतो. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात वसवण्यात आले. 1952 साली तो कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय मागे उरला. कुरआनने सूरह अल्-अन्आममध्ये (6:164) स्पष्ट केले आहे की कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. बापाचे ओझे मुलावर नाही आणि टोळीचे ओझे गल्लीवर नाही. सूरह अल्-हुजुरातमध्ये (49:12) तर अवाजवी संशय आणि पाळत यांपासूनच श्रद्धावंतांना रोखले आहे.

आता प्रेषितांच्या (स.) काळातील एक प्रसंग पाहा. सहीह बुखारीत आदरणीय उमर (रजि.) यांनी तो कथन केला आहे. अब्दुल्लाह नावाचे एक गृहस्थ होते. ते प्रेषितांना हसवत असत. मद्यपानाबद्दल त्यांना शिक्षा झालेली होती. ते पुन्हा आणले गेले आणि पुन्हा शिक्षा झाली. उपस्थितांपैकी एकाने त्यांना शाप दिला आणि हा माणूस किती वेळा आणला जातो, असा त्रागा केला. प्रेषितांनी (स.) शाप देण्यास मनाई केली आणि हा अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करणारा आहे, अशी साक्ष दिली.

या प्रसंगात शिक्षा टळलेली नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. गुन्ह्याला गुन्हाच म्हटले गेले. परंतु एक माणूस पडण्याची संख्या मोजत होता आणि प्रेषितांनी त्याच्या अंतःकरणात जे शिल्लक होते त्याकडे लक्ष वेधले.

आपल्या शहरात तडीपारी नवी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 अन्वये एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. त्यामुळे गल्लीला काही काळ स्वस्थता लाभते, हे खरे. परंतु सुनन नसाईत असा वृत्तान्त आहे की आदरणीय उमर (रजि.) यांनी मद्यपानाबद्दल एका माणसास खैबरला हद्दपार केले. तो थेट रोमन सम्राटाला जाऊन मिळाला आणि त्याने धर्मही सोडला. त्यानंतर आपण कोणाही मुस्लिमाला हद्दपार करणार नाही, असे उमर (रजि.) यांनी ठरवले. एवढ्या कठोर शासकाने शिक्षेचा परिणाम तपासला आणि आपला निर्णय बदलला. पुनर्गुन्ह्याची मोजदाद करायची ती याचसाठी: माणसाचे माप काढता काढता आपल्या उपायाचेही माप निघावे.

येथे कोणी विचारील की ज्याचे दुकान दोनदा फुटले त्याचे काय? हा प्रश्न न्याय्य आहे. इस्लाममध्ये तौबा म्हणजे केवळ ओठांची हालचाल नव्हे. पाप सोडणे, त्याचा खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि माणसांचा हक्क हिरावला असेल तर तो परत करणे, या तिच्या अटी आहेत. पीडिताचा हक्क बाजूला सारून दया दाखवता येत नाही. परंतु हक्क परत करायचा तर कमाई हवी, आणि कमाईसाठी कोणीतरी काम द्यावे लागते. 1982 च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळने हे जवळून पाहिले आहे. ज्या घरांची चूल विझली, त्यांतील काही तरुणांना टोळ्यांनीच प्रथम हाक मारली.

आपला कायदाही हे काही अंशी जाणतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात नव्या सुरुवातीचे तत्त्व आहे. अपवाद वगळता, मुलाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात असे ते सांगते. डोंगरीच्या बालगृहातून परतलेल्या मुलाची नोंद सरकार पुसते आणि आपण मात्र त्याचे स्थळ आले की ती पुन्हा वाचून दाखवतो, हे कोणत्या न्यायात बसते?

वाचक हो, सावधगिरी अवश्य बाळगा. तिजोरीची किल्ली पहिल्याच दिवशी हाती देऊ नका. परंतु काम द्या, सलाम करा, मस्जिदीच्या सफेत त्याच्या शेजारी उभे राहा. जिन्यावरचे ते वाक्य ओठांवर येईल, तेव्हा क्षणभर थांबा. आपण कालच्या पापाची तौबा केली आणि आज पुन्हा तेच केले, असे किती वेळा झाले असेल? ती मोजदाद अल्लाहपाशी आहे. तरीही त्याने तौबाचे दार आपल्यासाठी उघडे ठेवले आहे. मग आपल्या घराचे दार आपण कोणत्या आकड्यावर बंद करणार?