सड्यावर वही उघडताना

वही अजून बंदच राहू द्या. आधी बसा.

गडहिंग्लज तालुक्यात, नेसरीच्या परिसरात सामानगड आहे. माथा सपाट, जांभ्या दगडाचा; अशा माथ्यालाच सडा म्हणतात. गडावरच्या विहिरीही याच दगडात खोदलेल्या. नेसरी म्हटलं की १६७४ साली खिंडीत झालेली लढाई आणि तिथे पडलेले मराठ्यांचे सेनापती प्रतापराव गुजर आठवतात. त्या आठवणीला नमस्कार करा आणि मग नजर पायाखाली आणा. श्रावण चालू आहे, सर नुकतीच उघडली आहे असं धरा.

दगडावर तळहात टेकवा. खरखर लागते. भोकं आहेत, काहींत पाणी, काहींत माती. वरचा थर काळपट. तुटलेल्या कडेला तांबूस, मध्येच पिवळा. हा दगड कसा तयार झाला, हा प्रश्न मनात आला असेल. येऊ द्या, पण उत्तराकडे धावू नका. हात आणि डोळे जे सांगताहेत, तेवढ्यावर थोडा वेळ थांबा.

फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली त्याचं वर्णन छापलं. थर दिसत नाहीत, अंगभर पोकळ्या आहेत, लोह भरपूर आहे, रंग तांबडे-पिवळे आहेत. जमिनीखाली असताना तो लोखंडी अवजाराने सहज कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. पुढे शंभराहून अधिक वर्षं या दगडाच्या जन्मावर वाद झाले. कोणी ज्वालामुखीकडे बोट दाखवलं, कोणी वाहून आलेल्या गाळाकडे. उष्ण आणि ओल्या हवामानात मूळ खडक झिजतो, सिलिका पाण्याबरोबर निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, ही समज हळूहळू पक्की झाली. मतं बदलत गेली, तरी बुकाननच्या वर्णनातली भोकं, रंग आणि कठीण होणं प्रत्येक पक्षाला वापरता आलं. ज्याला तुमचं मत पटत नाही, त्याच्याही उपयोगी पडावी, अशी नोंद आपल्याला लिहायची आहे.

आता वही उघडा. तारीख, वेळ, ठिकाण, आभाळ कसं आहे, वारा कुठून येतो. एवढं लिहून पुन्हा वर पाहा.

उथळ पाण्याच्या कडेला जांभळट-निळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान फुलं दिसली, तर काय लिहाल? सीतेची आसवं हे नाव ओठावर आलं असेल. वनस्पती कीटकभक्षी आहे हेही कदाचित ठाऊक असेल. पण तिचे सूक्ष्म सापळे ओल्या मातीत आणि पाण्यात असतात. बसल्या जागेवरून ते दिसत नाहीत. जे दिसत नाही ते ‘पाहिलं’ या रकान्यात घालू नका. देठाची उंची पट्टीने मोजा. एका वीतभर चौकोनातली फुलं मोजा. नाव लिहायचंच असेल तर पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. एकदा नाव मिळालं की डोळा विसावतो. प्रश्नचिन्ह त्याला जागं ठेवतं.

श्वास संथ करा आणि आणखी एक प्रसंग मनात आणा. ओला दगड उलटला आणि खाली लांबट, बिनपायाचा जीव वळवळला. मन क्षणात म्हणेल, साप. किंवा, गांडूळ. तो शब्द येताना पाहा आणि बाजूला बसवा. मग बघत राहा. अंगभर वळ्या आहेत. सापासारखे खवले वर दिसत नाहीत. त्वचा ओलसर आहे. तोंड उघडतं, जबडा आहे. डोळे जेमतेम जाणवतात. एवढं लिहिलं असेल, तर पुढे कोणीतरी ते वाचून म्हणू शकेल की हा देवगांडूळ असावा, बेडकाच्या दूरच्या नात्यातला उभयचर. नेसरीच्या पश्चिमेला, आंबोलीच्या परिसरातल्या देवगांडुळाची एक जात शास्त्राने २००३ साली प्रथम नोंदवली. वहीत नुसतं ‘साप’ लिहिलेलं असतं, तर त्या एका शब्दातून हा जीव परत शोधून काढता आला नसता.

जवळून धनगर किंवा गुराखी जात असेल तर त्यालाही विचारा. तो जे नाव सांगेल ते त्याच्याच उच्चारात लिहा, सुधारू नका. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी जंगलात राहणाऱ्यांच्या तोंडचे शब्द असेच जपून टिपले. मात्र पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या ओळींत राहू द्या.

आणि काहीच दिसलं नाही तर? ‘इथे बेडूक नाहीत’ असं लिहावंसं वाटेल. थांबा. ‘सव्वासहा ते पावणेसात, तीन डबकी पाहिली, बेडूक दिसला नाही, आवाज आला नाही’ असं लिहा. आंबोलीच्या कातळावरचा एक छोटा भेक, ज्याची शास्त्राला २००९ साली नव्याने ओळख झाली, पावसाच्या सुरुवातीच्या थोड्याच दिवसांत उथळ डबक्यांत अंडी घालतो. इतर महिन्यांत तिथे उभा राहणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. किती वेळ, कुठे आणि कधी शोधलं, हे लिहिलं तरच न दिसण्याला किंमत येते.

कॅलिफोर्नियात प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या सहकाऱ्यांना अशाच बारीक नोंदींची शिस्त लावली. या नोंदींचं खरं मोल कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं त्यांना वाटत होतं. सुमारे शतकानंतर अभ्यासक त्याच जागी परत गेले. योसेमिटीतले अनेक छोटे सस्तन प्राणी डोंगरात वर सरकल्याचं त्यांना जुन्या वह्यांमुळे दाखवता आलं. तापमानवाढीचा प्रश्न ग्रिनेल यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. तरीही त्याचं उत्तर शोधण्याची सामग्री त्यांच्या वहीत होती.

आता पान उलटा आणि नव्या पानावर अर्थ लावा. अर्थ लावणं हा आपला हक्क आहे, त्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. तुमचा तर्क निःसंकोच लिहा. खाली तारीख घाला. मग त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा: काय दिसलं तर मी हे मत सोडेन? ती ओळ लिहून झाली की पुढच्या खेपेला सड्यावर काय पाहायचं, ते तुम्हाला ठाऊक झालेलं असेल.