पालथे भिक्षापात्र

दान कसे द्यावे याविषयी आपल्या धर्मशिक्षणात पुष्कळ सांगितले जाते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे लहानपणीच आपल्या कानांवर पडते. मंदिरातील दानपेटीत दोन दमड्या टाकणारी गरीब विधवा आपल्या ओळखीची असते. परंतु दान कोणाकडून घ्यावे आणि केव्हा नाकारावे, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत क्वचितच कोणी विचारतो. देणगीदाराचे नाव संगमरवरी फलकावर कोरले जाते, आणि ती रक्कम कोठून आली असे विचारणे असभ्यपणाचे ठरते. हाच प्रश्न ज्या समाजाने भर रस्त्यावर आणून उभा केला, तो ब्रह्मदेशातील बौद्ध समाज होय.

त्या देशात दिवस उजाडतो तो भिक्षेने. गैरिक-तांबड्या चीवरातील भिक्षू अनवाणी, एका रांगेत, मौन धरून निघतात आणि उंबरठ्याशी उभ्या असलेल्या गृहिणी त्यांच्या पात्रात वाफाळलेला भात घालतात. भिक्षू आभार मानीत नाही. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण तेथील समजुतीप्रमाणे उपकार झालेला असतो तो देणारणीवर. भिक्षुसंघ हे पुण्याचे शेत. त्यात पेरल्याशिवाय गृहस्थाला काही उगवत नाही. या पुण्याला ब्रह्मी लोक ‘कुथो’ म्हणतात. देशोदेशींच्या दातृत्वाची तुलना करणाऱ्या जागतिक सूचीत २०१४ पासून काही वर्षे हा दरिद्री देश अग्रस्थानी होता, याचे आम्हांस म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

ब्रह्मदेश आपल्याला अगदीच परका आहे असेही नव्हे. मंडालेच्या सिंहासनावरून १८८५ मध्ये पदच्युत झालेला राजा थिबा रत्नागिरीत बंदिवासात राहिला आणि १९१६ मध्ये तेथेच निवर्तला. गोराई-उत्तन परिसरातील आमच्या वाचकांना खाडीपलीकडून जो सोनेरी घुमट दिसतो, तो विपश्यना पॅगोडा रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवर बांधलेला आहे. तो उभारण्याची प्रेरणा देणारे सत्यनारायण गोएंका मंडालेतच जन्मले होते.

दानाच्या या अखंड ओघाला दुसरी बाजूही आहे. बगानच्या मैदानावर आज दोन हजारांहून अधिक स्तूप व मंदिरे उभी दिसतात. त्यांतील बहुतेक अकराव्या ते तेराव्या शतकांतील. इतिहासकार मायकेल आँग-थ्विन यांनी असे प्रतिपादन केले आहे की, पुण्यप्राप्तीसाठी राजे व सरदार यांनी संघाला करमुक्त जमिनी आणि माणसे इतकी अर्पण केली, की अखेरीस राज्याचाच पाया पोखरला गेला. सगळ्याच विद्वानांना हे पटते असे नाही. तरी दानालाही एक अर्थकारण असते, एवढे त्यावरून निश्चित समजते. आधुनिक काळातील सेनापतींनी ते नीट ओळखले होते. श्वेडगॉनच्या शिखरावर १९९९ मध्ये त्यांनी नवे सुवर्णछत्र चढविले. नव्या राजधानीत, नेपिडॉ येथे, जवळजवळ तेवढ्याच उंचीची प्रतिकृती २००९ पर्यंत उभी केली. ज्याच्या हातून एवढे पुण्य घडते त्याचा राज्य करण्याचा अधिकार कोण नाकारणार, असा त्यामागील हिशेब होता.

संघाच्या हाती या हिशेबाला एकच उत्तर असते: पात्र पालथे घालणे. मराठीत ‘पालथा घडा’ म्हटले की डोक्यात काहीच न शिरणारा माणूस आठवतो. येथे पालथे झालेले पात्र मात्र समोरच्याला बरेच काही सांगत असते. विनयपिटकातील कथेनुसार वड्ढ नावाच्या लिच्छवी गृहस्थाने एका निरपराध भिक्षूवर बदफैलीचा खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्या दानापुढे पात्र पालथे करावे असे बुद्धाने सांगितले. आनंदाने ही वार्ता कळविताच वड्ढ मूर्च्छित होऊन पडला. मग ओल्या केसांनी व ओल्या वस्त्रांनी तो बुद्धाकडे गेला, त्याने अपराध कबूल केला आणि पात्र पुन्हा उताणे झाले. त्याला कोणी मारले नाही, त्याचे धन कोणी जप्त केले नाही. फक्त त्याच्या हातचे घेतले नाही. ब्रह्मी भाषेत संपालाच ‘थबेइक म्हाउक’, म्हणजे पात्र पालथे घालणे, असा शब्द आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये मंडाले येथे भिक्षू व विद्यार्थी यांच्यावर गोळीबार झाला. भिक्षूंनी सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्याकडून भिक्षा घेणे थांबविले. सरकारने मठांवर छापे घालून अनेकांना तुरुंगात डांबले. १५ ऑगस्ट २००७ रोजी इंधनाचे दर अचानक वाढले, बसभाडे कामगारांना परवडेनासे झाले. ५ सप्टेंबरला पकोक्कू येथे मोर्चातील भिक्षूंना सैनिकांनी झोडपले. क्षमायाचनेसाठी दिलेली मुदत १७ तारखेला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून हजारो भिक्षू मैत्रीभावनेचे सूत्र म्हणत रस्त्यावर उतरले. काहींनी पात्रे पालथी धरली होती. आठवडाभराने लाठ्या व गोळ्या चालल्या. एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ज्यांनी सेनापतींचे दान नाकारले, त्यांनी सेनापतींचा सूड मागितला नाही. त्यांनी मागितली ती क्षमायाचना.

आपल्या परंपरेलाही हे अपरिचित नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन या धनिकाने रोमच्या ख्रिस्तसभेला दोन लक्ष सेस्टर्स अर्पण केले होते. त्याची शिकवण पाखंडी ठरल्यावर ती सारी रक्कम त्याला परत करण्यात आली. थेस्सलनीका येथील कत्तलीनंतर, ३९० मध्ये, मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी सम्राट थिओडोसियसला कळविले की, त्याच्या उपस्थितीत आपण पवित्र अर्पण करू शकत नाही. सम्राटाने प्रायश्चित्त घेतले तेव्हाच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील ती विदारक जागा आठवा: यहुदाने फेकलेली तीस नाणी रक्ताचे मोल म्हणून मंदिराच्या कोशात घ्यायला मुख्य याजक कचरतात, ज्यांनी ते मोल दिले, त्यांनाच ते विटाळलेले वाटते!

मग नाकारणे हे नेहमीच थोर कृत्य आहे काय? याचेही उत्तर त्याच देशाने दिले. २ मे २००८ च्या रात्री नर्गिस चक्रीवादळाने इरावती नदीचा त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला. सुमारे १,३८,००० माणसे मृत वा बेपत्ता झाली. मदत घेऊन परदेशी जहाजे किनाऱ्याबाहेर येऊन थांबली आणि सरकारने कित्येक दिवस बहुतेक मदत अडवून धरली. १० मे रोजी देशाच्या बऱ्याच भागात ठरल्याप्रमाणे राज्यघटनेवर सार्वमतही घेतले. हेही दान नाकारणेच होते. परंतु भिक्षू पात्र पालथे करतो तेव्हा त्या दिवशी तो स्वतः उपाशी राहण्याचा धोका पत्करतो. सेनापतींनी पालथे घातले ते दुसऱ्याचे पात्र. हा भेद आम्हांस मूलभूत वाटतो. अमेरिकेने २००३ मध्ये ब्रह्मी मालावर बंदी घातली तेव्हा शिवणकारखान्यांतील हजारो मुलींचा रोजगार गेला. हेतू कितीही शुद्ध असो, उपाशी राहिले ते दुसरेच कोणी.

भिक्षुसंघाला देव्हाऱ्यात बसविण्याची मात्र आमची तयारी नाही. सितगू सयाडॉ या विख्यात महास्थविरांनी सगाईंगच्या टेकड्यांवर पाणी पोहोचविले, रुग्णालय उभारले, नर्गिसच्या काळात मदतकार्य केले. त्याच महास्थविरांनी २०१७ साली, सात लाखांवर रोहिंग्या सीमेपार पळत असताना, लष्करी तळावरील प्रवचनात अशी प्राचीन कथा सांगितली की जिच्यात शत्रूंच्या हत्येचा दोष पुसून जातो. आणि आपले काय? फेब्रुवारी २०२१ च्या सत्तापालटानंतरच्या नाताळात यांगूनचे कार्डिनल चार्ल्स बो यांच्यासह सेनाप्रमुखांनी केक कापला. त्याचे छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी, २४ डिसेंबरला, काया राज्यातील मो सो गावाजवळ तीसहून अधिक माणसांना ठार करून जाळण्यात आले. कार्डिनलांनी या कृत्याचा तीव्र शब्दांत निषेध केला हे सांगितलेच पाहिजे. लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का असलेल्या कळपाचा मेंढपाळ दारी आलेल्या शस्त्रधाऱ्याला कसा परतवील, हे दुरून सांगणे सोपे आहे. तरीही त्या छायाचित्राने पोळलेल्या काया ख्रिस्तजनांना आम्ही चूक म्हणू शकत नाही.

आजकाल राज्यकर्त्यांच्या दानाला ‘विकास’ असे नाव असते. काचिन राज्यात इरावतीच्या उगमसंगमावर, मित्सोन येथे, चिनी कंपनीच्या साहाय्याने ६००० मेगावॅटचे धरण योजले गेले. बहुतांश वीज चीनला जाणार होती. तांगप्रे गावातील काचिन ख्रिस्ती कुटुंबांना नव्या वसाहतीत घरे देण्यात आली. घरे मिळाली, पण बागा, नदी आणि पूर्वजांची थडगी मागे राहिली. घेण्यास कोणी नकार द्यावा, अशी मुभाच त्या दानात नव्हती. आणि ज्याला नकार देता येत नाही ते दान म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे. लोकक्षोभामुळे सप्टेंबर २०११ मध्ये ते काम स्थगित झाले, तेव्हा काहीजण जुन्या गावी परतून पुन्हा बागा राखू लागले.

मोनीवाजवळच्या लेटपडाउंग डोंगरावरील तांब्याच्या खाणीत चिनी कंपनीची भागीदार होती लष्कराची कंपनी. तेथील काही शेतकऱ्यांनी नुकसानभरपाईची रक्कम हाती घेतलीच नाही. पात्र असे गृहस्थालाही पालथे घालता येते! त्यांच्या पाठीशी बसलेल्या भिक्षूंवर २९ नोव्हेंबर २०१२ च्या पहाटे पोलिसांनी फॉस्फरस असलेले धूरगोळे टाकले. अनेकांची कातडी होरपळली. त्यानंतर सरकारच्या मंत्र्यांनी महास्थविरांपुढे हात जोडून क्षमा मागितली, वड्ढाने मागितली होती तशीच. पुढच्या वर्षी आँग सान स्यू ची यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने, काही सुधारणा सुचवून, खाण चालू ठेवण्याची शिफारस केली. क्षुब्ध गावकऱ्यांनी भेटीस आलेल्या स्यू चींना वाटेतच गाठून जाब विचारला. डोंगर फुटत राहिला आणि पुढे तांबेही निघू लागले.