हॉलची किल्ली



९ सप्टेंबर जवळ आला की खानदेशात शिरीषकुमार मेहताची आठवण निघते. १९४२ साली ‘चले जाव’च्या दिवसांत नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. नंदुरबार तेव्हा धुळ्यासह पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा, हातात तिरंगा. पोलिसांनी मुलींवर बंदुका रोखल्या तेव्हा तो पुढे झाला, असे सांगतात. गोळीबारात तो आणि लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा असे पाच जण मरण पावले.

दृढीकरणाच्या वर्गात ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली आहे. यंदा मात्र सांगताना जीभ अडखळली. कारण आमच्याच आवारात घडले.

जूनमध्ये कॉलेजात शिकणारी आपली पाच-सहा मुलेमुली आमच्याकडे आली. रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीतल्या लहान मुलांचे आईबाप शेतमजुरीला नाहीतर बांधकामावर जातात. शाळा सुटली की मुले रस्त्यावर. रोज संध्याकाळी दोन तास त्यांचा अभ्यास घ्यायचा, म्हणून हॉलची किल्ली हवी होती. बोलत होती ती मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही म्हणालो, “कल्पना छान आहे, पॅरिश कौन्सिलपुढे ठेवतो.”

कौन्सिलमध्ये प्रश्न निघाले. वीजबिल कोण भरणार? पंखा मोडला तर? तरुण मुलेमुली उशिरापर्यंत एकत्र, देखरेख कोणाची? यांच्याच परीक्षा बुडाल्या तर पालक जाब कोणाला विचारणार? यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, आणि म्हणूनच विषय पुढच्या बैठकीवर, मग त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला. ऑगस्टपर्यंत ती मुलगी विचारायची थांबली. तरुणांचा उत्साह सोड्याच्या बाटलीसारखा असतो, असे आम्ही कोणाजवळ तरी बोलूनही गेलो.

मग एके दिवशी एक आई मिस्साचे सांगायला आली आणि जाता जाता म्हणाली, “फादर, पोरांची पुस्तकं पावसात भिजतात. जुनी ताडपत्री आहे का कुठे?” तेव्हा कळले. हॉल मिळत नाही म्हणून ही मुले वस्तीतल्या एका ओट्यावर जुलैपासून अकरा लहानग्यांना घेऊन बसत होती.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. राज्यनीतीचे व्याख्यान ऐकण्यास तरुण योग्य नाही, कारण त्याला जीवनाचा अनुभव नसतो, असे त्याने नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे. मोठ्यांना हे वाक्य फार सोयीचे पडते. पण त्याच ग्रंथात पुढे तो सांगतो की बांधता बांधता माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागता वागता न्यायी होतो. दोन्ही खरे धरले तर पेच पडतो. अनुभव नाही म्हणून जबाबदारी द्यायची नाही, आणि जबाबदारी मिळाली नाही म्हणून अनुभव यायचा नाही. विद्यार्थ्याला हा पेच एकट्याने सोडवता येत नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे त्यानेच तो सोडवायचा असतो, आणि तोही समोरच्याची पात्रता सिद्ध होण्याच्या आधी. ही एक प्रकारची उधारीच आहे. ती बुडूही शकते, हे आम्ही नाकारत नाही.

उधारी टाळायची म्हणून आपण सोपे मोजमाप शोधतो. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गाचा प्रतिनिधी मागील परीक्षेतल्या गुणवत्तेवर ठरत असे. निवडणुकीतल्या मारामाऱ्या खऱ्या होत्या, त्या टाळण्याचा हेतूही समजण्याजोगा होता. पुढे २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. पण पेपर कोणी चांगला लिहिला यावरून वर्ग अडचणीत कोणाकडे धाव घेईल हे कळत नाही. आमचे मोजमाप तर त्याहून वाईट: “हो फादर” म्हणणाऱ्या मुलाला आम्ही युवक गटाचा प्रमुख करत आलो.

राहिला देखरेखीचा प्रश्न. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ घालवून साने गुरुजी तिथल्याच शाळेत शिक्षक झाले आणि त्यांच्याकडे वसतिगृह आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धुऊन ठेवत. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक त्यांनी चालवले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस हातात झाडू घेऊन मुलांमध्ये वावरत होता, आणि ती देखरेखच होती. टेबलामागे बसून “देखरेख कोण करणार?” असे विचारणे त्यापेक्षा सोपे, आम्ही तेच केले.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले. महत्त्वाचे काही ठरवायचे असेल तर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्याला योग्य ते सुचवतो, असे त्यात आहे. निर्णय मठाधिपतीचाच, पण आधी ऐकायचे. आपल्या कौन्सिलमधले सर्वांत धाकटे सदस्य पन्नाशी ओलांडलेले आहेत.

शिरीषकुमारची गोष्ट आम्हांला इतकी का आवडते, याचेही उत्तर या निमित्ताने थोडे मिळाले. स्मारक कधी किल्ली मागायला येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला बंदुकीसमोर जावे लागले, यात आम्हांला त्याच्या धैर्याइतकेच मोठ्यांच्या जगाचे अपयश दिसते. आपल्या मुलांनी असे काही करावे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण गोळी आणि मोडलेला पंखा यांत पुष्कळ अंतर आहे, आणि आम्ही पंख्यालाच घाबरलो.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही किल्ली घेऊन वस्तीत गेलो. ओट्यावर भागाकार चालला होता. किल्ली पुढे केली तर ती मुलगी म्हणाली, “फादर, आता हॉल नको. लहान मुलांना अंधारात रेल्वेलाइन ओलांडावी लागेल. ताडपत्रीचं मात्र बघा.”

लाइन ओलांडण्याची गोष्ट तीन बैठकांत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

ताडपत्री साधारण पंधरा बाय वीस फुटांची लागेल. ज्यांच्या मळ्यात किंवा घरी असेल त्यांनी आजच्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीपाशी भेटावे. तिथल्या बल्बची वायरही जुनी झाली आहे. वायरिंगचे काम जाणणारे कोणी येऊ शकले तर बरे होईल.

आपले धर्मगुरू