अब्रू कुणाची?



रात्रपाळी संपली की मी सूतगिरणीतून थेट अभ्यासवर्गाला यायचो. डोळ्यांत झोप, केसांत कापूस. एकदा वर्ग सुटल्यावर होस्टेलवरची एक पोरगी मागं थांबली. खाली बघत म्हणाली, "दादा, त्यानं खोलीवर बोलावलं. नको म्हणलं तरी सोडलं न्हाई." तो म्हणजे आपलाच. कॉलेजात भाषणं गाजवणारा. मी काय बोललो? "जरा दम धर. चळवळीची अब्रू जाईल."

महिन्याभरात ती शिक्षण सोडून गावी गेली. तो अजून भाषणं करतो.

हेच एखाद्या सवर्णानं केलं असतं तर मी मोर्चा काढला असता. मग मला चीड कशाची होती? तिच्यावरच्या जुलमाची, की जुलूम करणाऱ्याच्या जातीची? घरातलं घरात ठेव, हे तर गावकीचं शहाणपण. ते आपण कधी उचललं?

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलीस सोडले. अंगावर जखमा न्हाईत, म्हणजे संमती! १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलावा लागला. कोर्टाला मी शिव्या घातल्या. पण मीसुद्धा त्या पोरीच्या गप्प बसण्याचा अर्थ 'मिटलं' असाच लावला ना?

आज दरवाजे आहेत. ते पाठ करा. २०१३ च्या कायद्यानं आणि यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष बाईच. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर आणखी तीन महिने. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची. चौकशी नव्वद दिवसांत. तोवर तिला रजा मागता येते, त्याला तिच्यापासून लांब ठेवायला सांगता येतं. माझ्या 'दम धर'नं तिची ही मुदत खाल्ली.

दुसरा दरवाजा पोलिसांचा. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. जबाब बाई अधिकाऱ्यानं घ्यायचा. दवाखाना सरकारी असो की खाजगी, बलात्कार झालेल्या बाईवर फुकट उपचार करायलाच पाहिजेत. आरोपी दलित-आदिवासी नसेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदाही लागतो. आरोपी आपला असेल तर तो लागत न्हाई. बाकीचे दोन्ही दरवाजे उघडेच.

आता कुणी म्हणेल, मग तिनं तक्रार केलीच पाहिजे. थांबा. 'गप्प बस' म्हणणारा मी आणि 'बोललंच पाहिजे' म्हणणारा तू, दोघंही तिच्या वतीनं ठरवतोय. आपलं काम दरवाजे दाखवायचं, सोबत जायचं, रात्री-अपरात्री तिच्या मैत्रिणीला बोलावून आणायचं. पाऊल कुठं टाकायचं ते तिनं ठरवावं. त्यालाही बाजू मांडायचा हक्क आहे. तो समितीपुढं, कोर्टापुढं. आपल्या बैठकीत मिटवामिटवी करून न्हाई.

समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजायची, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं. त्या मापानं त्या दिवशी मी किती भरलो?

अब्रू तिची गेली न्हाई. ती त्याची गेली, आणि माझीही.