हिरवा पेला, लाल पेला

१७ मार्च हा आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस. आयरिश माणसं जगात कुठेही असली तरी त्या दिवशी हिरवं काहीतरी अंगावर घालतात. अमेरिकेतल्या शिकागोत १९६२ पासून या सणानिमित्त नदीच हिरवी करण्याची प्रथा आहे. मेजवानीतली पेयंही हिरवी असतात. आपल्याकडे हे दिवस फाल्गुनाचे. २०२२ साली तर होळी नेमकी १७ मार्चलाच पेटली. तिकडे हिरवे पेले, इकडे पुरणपोळीचा नैवेद्य. सण म्हटला की माणसाला रंग लागतो, आणि तो पाहुण्याच्या हातात द्यावासा वाटतो. मला याचं फार कौतुक वाटतं.

भोरजवळच्या उत्रोलीत आम्हाला असा रंग घरातच सापडतो. भोरहून वरंध घाट उतरलं की कोकण, त्यामुळे आमसूल आमच्याकडे परकं नाही. रंगपंचमीला मुलं उन्हातून दमून येतात, तेव्हा कोकमाचं लालभडक सरबत त्यांच्यापुढे ठेवावं. हिरवं हवं असेल तर पुदिना आहे. बाजारातलं वाळ्याचं सरबत हिरवंगार दिसतं खरं, पण तो रंग वरून घातलेला असतो. वाळा म्हणजे गवताची मुळं. त्यांचा गुण गारव्याचा आणि वासाचा.

हे पेले भरताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. आमसुलाला घाई चालत नाही. ते रात्रीच भिजत घालावं, म्हणजे सकाळी हाताने कुस्करलं की रंग आणि आंबटपणा दोन्ही पाण्यात उतरतात. मग साखर, जिरेपूड, सैंधव. सरबतात सब्जा घालायचा असेल तर त्यालाही पाव तास तरी फुगायला द्यावा लागतो. पुदिन्याचं मात्र उलट. तो आधी वाटून, लिंबू पिळून ठेवला, तर आंबटाने हिरवा रंग मरतो आणि पेला शेवाळी दिसतो. तो ऐन वेळी वाटावा. लिंबू तर पाहुणा टेकल्यावरच पिळावं. काही कामं आदल्या रात्रीची, काही समोर माणूस बसल्यानंतरची. घरातल्या जाणत्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात धावपळ कमी आणि पाहुण्याशी बोलायला वेळ जास्त असतो.

आपल्या रोजच्या दिवसालाही हे लागू पडतं. मुलांचं दप्तर, सकाळची भाजी निवडणं, कामावरची कागदपत्रं ही आमसुलासारखी, रात्रीच भिजत घालायची. पण घरच्यांची विचारपूस, म्हाताऱ्या माणसाशी दोन शब्द, शेजाऱ्याला हाक, हे साठवून ठेवता येत नाही. ते त्या क्षणी ताजंच द्यावं लागतं. आज कामावर निघण्याआधी घरात जो कोणी समोर असेल, त्याच्याशी दोन मिनिटं बोलून मगच उंबरा ओलांडा.